एकोणीस वर्षांनी लागलेली पेन्शन

आम्ही गटातल्या बायका बोलतोय. मागच्या वेळी शेळ्यांच्या लसींवर बोललो होतो, तेव्हा बऱ्याच जणींनी फोन करून विचारलं. आजचा विषय कागदांचा आहे. कागद म्हटलं की काही जणी रेडिओ बारीक करून भाकरी थापायला उठतात, हे ठाऊक आहे आम्हाला. भाकरी थापा, पण रेडिओ चालू ठेवा.

आमच्या गटात एक मामी आहेत. सगळा गाव त्यांना मामीच म्हणतो. रेडिओवर माझं नाव घेऊ नका, बाकी सगळं सांगा, असं त्यांनी सांगितलंय, म्हणून आम्हीही मामीच म्हणणार. आमचा भाग उसाचा आणि सूतगिरण्यांचा. मामा, म्हणजे मामींचे मालक, एका सूतगिरणीत कामाला होते. १९९३ साली लागले. २००४ च्या जून महिन्यात दुसऱ्या पाळीला निघायच्या आधी त्यांच्या छातीत कळ आली. शहरातल्या दवाखान्यात नेलं, रात्री तिथंच गेले. वय ३८. लेक दहा वर्षांची, मुलगा सातचा.

दिवसपाणी झाल्यावर थोरले दीर मामींना गिरणीत घेऊन गेले. तिथं तीन-चार कागदांवर अंगठा नाही, सही केली. मामी सातवी शिकलेल्या आहेत, हे त्या आवर्जून सांगतात. पुढं काही महिन्यांनी चौदा हजारांचा चेक आला. दीर म्हणाले, फंड मिळाला, आता गिरणीशी संबंध संपला. दिरांनी त्यात एक रुपया खाल्ला नाही, हेही मामींनी सांगायला सांगितलंय. त्यांनाही तेवढंच माहीत होतं. चौदा हजारांतले काही दवाखान्याच्या उसनवारीला गेले, काहींचे पत्रे आणून घरावर घातले. नंतर गिरणीच बंद पडली. मामी दुसऱ्यांच्या रानात भांगलायला जायला लागल्या. लेक दहावी झाली आणि पुढचं शिक्षण थांबलं.

आमचा गट २००८ सालचा. मामी पहिल्या दिवसापासूनच्या सभासद. दर महिन्याच्या पाच तारखेला बैठक, मामींचा एक हप्ता कधी चुकला नाही. त्यांनी गटाकडून सहा वेळा कर्ज उचललं. कधी बियाण्याला, कधी पोराच्या फीला, एकदा लेकीच्या बाळंतपणाला. शेकडा दोन रुपये महिना व्याज. त्यांनी ते व्याजासकट फेडलं, आणि आम्ही ते वहीत लिहून घेतलं. हे इथं का सांगतोय, ते पुढं कळेल.

२०२२ सालच्या दिवाळीनंतरच्या बैठकीची गोष्ट. गटात नवीन आलेली एक सून म्हणाली, माझा हप्ता उद्या भरते, सासूबाईंची पेन्शन जमा व्हायची आहे. कसली पेन्शन? तर तिचे सासरे एका कारखान्यात होते, नोकरीत असतानाच गेले, आणि सासूला दरमहा पेन्शन येते. मामी कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, आमच्या ह्यांचा पण फंड कापत होते की गं. मिळाला तो.

त्यावर ती सून म्हणाली, मामी, फंड वेगळा आणि पेन्शन वेगळी.

आम्ही सगळ्या गप्प. चौदा वर्षं आम्ही या बाईबरोबर बसत होतो. तिच्या शेळीची वेतं आम्हाला माहीत, तिच्या लेकीच्या सासरचा उंबरा माहीत. पण तुझा नवरा कुठं कामाला होता आणि तिथून तुला काय मिळायला हवं होतं, हे आम्ही एकीनंही कधी विचारलं नव्हतं.

आता फंड आणि पेन्शन वेगळी कशी, ते सांगतो. आम्हालाही ते दोनदा समजून घ्यावं लागलं.

समजा घरात दोन कणग्या आहेत. एक कणगी फंडाची. कामगाराच्या पगारातून, म्हणजे बेसिक आणि महागाई भत्त्यातून, शंभराला बारा रुपये कापतात ते या कणगीत पडतात. मालकालाही बहुतेक ठिकाणी शंभराला बारा रुपये घालावे लागतात. पण मालकाचे ते बारा एका कणगीत जात नाहीत. त्यातले ८ रुपये ३३ पैसे दुसऱ्या कणगीत जातात. ती पेन्शनची. (पगार ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर हिशेब थोडा बदलतो, ते आज सोडून देऊ.) उरलेले ३ रुपये ६७ पैसे पहिल्या कणगीत. माणूस गेला की पहिली कणगी घरच्यांना एकदम रिकामी करून मिळते. दुसरी तशी एकदम मिळत नाही, ती महिन्याच्या महिन्याला मापानं मिळते. आणि ती आपोआप सुरू होत नाही. वेगळा अर्ज करावा लागतो.

गंमत अशी की पगाराच्या स्लिपवर कापलेले पैसे दिसतात ते फक्त पहिल्या कणगीचे. दुसरीत मालक घालतो, नवऱ्याच्या पगारातून ते कापले जात नाहीत, म्हणून स्लिपवर दिसत नाहीत. नवऱ्यालाच जे दिसत नाही ते तो बायकोला काय सांगणार?

ही योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची आहे. कर्मचारी पेन्शन योजना तिचं नाव, ईपीएस-९५ असंही म्हणतात. माणूस नोकरीत असताना गेला, तर त्याच्या नावानं एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शन लागू होते. दहा वर्षं नोकरी हवी ही अट आहे, पण ती कामगाराच्या स्वतःच्या म्हातारपणच्या पेन्शनला. आमच्या गावात ही दहा वर्षांची गोष्ट सगळ्यांना पाठ होती आणि चुकीच्या जागी लावलेली होती. ‘ह्यांची चारच वर्षं झाली होती, आम्हाला काय मिळणार’ असं म्हणून घरी बसलेल्या दोन बाया आम्हाला नंतर भेटल्या.

विधवेबरोबर मुलांनाही मिळतं. एका वेळी दोन मुलांना, वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत, प्रत्येकाला आईच्या पेन्शनच्या चौथ्या हिश्श्याइतकं. आणि मुलगा लग्नाआधीच गेला असेल, मागं कुणी नसेल, तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही पेन्शन आहे. हे ऐकताना कुणाच्या डोळ्यांपुढं एखादं घर आलं असेल, तर त्या घरी जाऊन सांगा.

तर मामी. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी त्यांच्या घरी गेलो. मामींनी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. त्यात मामांचा गिरणीचा बिल्ला, लग्नातली टोपी आणि बिस्किटाच्या डब्यात घड्या घालून ठेवलेल्या पगाराच्या स्लिपा. अकरा वर्षांच्या नाहीत, पण तीस-चाळीस होत्या. एका स्लिपच्या मागं लेकीनं पेन्सिलनं अ-आ-ई गिरवलेलं. आम्हाला हवा होता तो नंबर प्रत्येक स्लिपवर होता, फंडाचा नंबर, एमएच अक्षरांनी सुरू होणारा. आजकालच्या कामगारांना यूएएन म्हणून बारा आकडी नंबर असतो, पण तो २०१४ पासूनचा. त्याआधी गेलेल्या माणसाला यूएएन कुठला असणार? अशा वेळी जुना फंड नंबरच धागा असतो. म्हणून सांगतो, जुन्या स्लिपा चुलीत घालू नका.

मामींनी मात्र पेटी बंद केली आणि म्हणाल्या, नको बायांनो. वीस वर्षं होत आली. आता कशाला मेलेल्या माणसाच्या नावानं भीक मागायची?

या एका शब्दावर आमच्यात अर्धा तास वाद झाला. आमची हिशेबनीस जरा तोंडाळ आहे, ती म्हणाली, मामी, तहसीलचं अनुदान आणि हे एक नव्हे. हा मामांचा पगार आहे. रात्रपाळीला सुताचा भुगा नाकातोंडात घेऊन त्यांनी कमावला, मालकानं तुमच्या वाट्याचा म्हणून भरला आणि तो तिथं पडून राहिला. मामी काही बोलल्या नाहीत. आम्ही चहा पिऊन परत आलो. चार दिवसांनी त्या स्वतःच डबा घेऊन हिशेबनीसच्या दारात आल्या.

पुढची खटपट थोडक्यात सांगतो. पहिली अडचण मृत्यूच्या दाखल्याची. गावातल्या ग्रामपंचायतीत नोंदच सापडेना. सापडणार कशी, मामा गेले शहरातल्या दवाखान्यात. मृत्यू जिथं होतो तिथंच त्याची नोंद होते, म्हणजे दाखला शहराच्या महापालिकेतून काढायचा. दुसरी अडचण गिरणी बंद. पेन्शनच्या अर्जावर मालकाची सही लागते, आता मालक कुठून आणायचा? त्यावर उत्तर असं मिळालं की कारखाना बंद असेल तर बँकेचे मॅनेजर किंवा राजपत्रित अधिकारी सही करू शकतात. ज्या बँकेत गटाचं खातं आहे तिथल्या मॅनेजरांनी सगळे कागद नीट वाचून सही केली. पेन्शनच्या या अर्जाचं नाव दहा-डी. हे नाव पाठ करून ठेवा, कारण खिडकीवर ‘पेन्शनचा फॉर्म द्या’ म्हटलं की कुठली, असं विचारतात. दहा-डी म्हटलं की समोरचा माणूस जरा सरळ बसतो. फंडाच्या रकमेचा अर्ज वीस नंबरचा आणि विम्याचा पाच-आयएफ. हो, विमाही असतो. नोकरीत असताना माणूस गेला तर फंडाबरोबर जोडलेला विमा असतो, सध्या तो जास्तीत जास्त सात लाखांपर्यंत आहे. त्याचाही हप्ता मालक भरतो, म्हणून तोही कुणाला ठाऊक नसतो. आता हे तिन्ही अर्ज एकत्र करून एकच फॉर्मही मिळतो. फॉर्मला पैसे पडत नाहीत. आम्हाला एका माणसानं शेकडा वीस टक्क्यांवर काम करून देतो असं सांगितलं होतं. मामींच्या लेकानं त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

अर्ज द्यायला आम्ही महिन्याच्या २७ तारखेला गेलो. २०२३ च्या जानेवारीपासून फंडाच्या ऑफिसातली माणसं दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात शिबिर घेतात, ‘निधी आपके निकट’ असं त्याचं हिंदी नाव. सुट्टी असेल तर पुढच्या दिवशी. तिथं टेबलावरच्या बाईंनी नंबर टाकून पाहिलं आणि म्हणाल्या, पेन्शनचा दावा कधी आलेलाच नाही. इतकी साधी गोष्ट. कुणी अडवलं नव्हतं, कुणी नाकारलं नव्हतं. कुणी मागितलंच नव्हतं.

एकदा अर्ज परत आला. आधारवर मामींचं नाव सासरचं, आणि मामांनी गिरणीत भरून दिलेल्या वारसाच्या फॉर्मवर माहेरचं. तो जुना फॉर्म आम्हाला दाखवला. मामांच्या हातचं अक्षर. पत्नी म्हणून मामींचं माहेरचं नाव, पुढं दोन्ही पोरांची नावं, आणि मामींच्या जन्मतारखेच्या जागी नुसतं ‘अंदाजे’ लिहून वय. मामी म्हणाल्या, ह्यांनी मला घरात कधी सासरच्या नावानं हाक मारली नाही. फॉर्मवर पण तेच लिहिलं की. आणि हसल्या. त्या सगळ्या खटपटीत त्या तेवढ्या एकदाच हसल्या. मग दोन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र करून जोडलं.

नंतर बरेच महिने काही नाही. आम्हीही विषय काढायचा टाळायला लागलो. आपणच भरीला घातलं, असं वाटायचं.

मग नोव्हेंबरमध्ये, दिवाळीच्या बाजारात, मामींच्या लेकाच्या मोबाईलवर मेसेज आला. आईच्या खात्यावर दीड लाखाच्या वर रक्कम जमा. त्यानं तो पुसून टाकला. हल्ली असले मेसेज येतात, लिंक दाबा म्हणतात आणि खातं रिकामं होतं, तेव्हा त्याचं काही चुकलं नाही. मामींना त्यानं सांगितलंसुद्धा नाही. पुढच्या आठवड्यात गटाचा हप्ता काढायला मामी बँकेत गेल्या, पासबुक छापून घेतलं आणि खिडकीवरच्या मुलाला म्हणाल्या, बाळा, हे दुसऱ्या कुणाचं माझ्यावर पडलंय बघ.

ते २००४ पासूनचे होते. मामा गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनचे. पहिली दहा वर्षं महिन्याला हजाराच्या आतला हिशेब, आणि १ सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन एक हजार झाली तेव्हापासून हजार. लेकीच्या आणि मुलाच्या खात्यावरही त्यांच्या वयाच्या पंचविशीपर्यंतचं आलं. आणि इथून पुढं मामींना दरमहा एक हजार.

तुम्हाला वाटेल, मग काय, आनंदीआनंद. तसं झालं नाही. मामी दोन महिने त्या पैशाला शिवल्या नाहीत. पाच तारखेच्या बैठकीत विचारलं तर म्हणाल्या, ज्या साली पोरगी शाळा सोडून माझ्याबरोबर भांगलायला आली, त्या सालचे पैसे यात आहेत. आता आले. आता मी त्याचं काय करू?

याला आमच्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. त्याच बैठकीत आमच्या अध्यक्षांनी गटाची जुनी वही काढली. मामींनी सहा कर्जांवर भरलेलं व्याज मोजलं. बाईचे हक्काचे पैसे ऑफिसात पडून होते आणि आम्ही तिला तिच्या गरजेला व्याजानं पैसे देत होतो. नियमानंच देत होतो, प्रत्येकीला तोच दर होता. तरी कुणाची मान वर झाली नाही. एकीनं सुचवलं, व्याज परत करू. मामींनी ते झिडकारलं. म्हणाल्या, ते व्याज तुमच्यातच वाटलं गेलं आणि मलाही लाभांश मिळाला, उगीच वही खराब करू नका.

पैशावरून घरात थोडी कुरबूर झाली, ती कुठं होत नाही? मुलाला बोअर मारायची होती. दिरांच्या घरून निरोप आला की त्या वेळी आम्हीच धावपळ केली होती. मामींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग पन्नास हजार लेकीला दिले. लेक सासरी शिवणकाम करते, तिनं पिको-फॉलचं मशिन घेतलं आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसली. पास झाली की नाही, ते तिचं ती येऊन रेडिओवर सांगेल. बाकीची रक्कम मामींनी आपल्या एकटीच्या नावावर ठेव म्हणून ठेवली. बोअर अजून मारलेली नाही.

हजार रुपयांत आज काय येतं, असं कुणी म्हणेल. खरं आहे. गॅसची टाकी आणि औषधाची एक पट्टी घेतली की नोट मोडली. किमान पेन्शन साडेसात हजार करा म्हणून पेन्शनर माणसं बुलढाण्यात वर्षानुवर्षं उपोषणाला बसली आहेत, आणि त्यांचं म्हणणं आम्हाला पटतं. पण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कुणाच्या बांधावर न जाता हजार रुपये येतात, याचा मामींच्या चालण्यावर काय फरक पडलाय, तो आम्ही पाहतो.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, नाही तर पेन्शन थांबते. तो ज्या दिवशी द्याल त्यापासून वर्षभर चालतो, नोव्हेंबरचीच वाट बघायला नको. बँकेत, पोस्टात किंवा सेवा केंद्रात होतो. आपल्या बायांच्या बोटांच्या रेषा उसाच्या पाल्यानं आणि राखेनं झिजलेल्या असतात, मशिन अंगठा घेत नाही. मामींचा पाच वेळा घेतला नाही. मग मोबाईलच्या कॅमेऱ्यानं चेहऱ्यावरून केला. ती सोय आहे, मागून घ्या. दुसरं, विधवेनं पुन्हा लग्न केलं तर तिची पेन्शन बंद होते आणि मुलांची वाढवून मिळते. हा नियम आम्हाला आवडत नाही, पण आहे तो सांगितला पाहिजे. तिसरं, संजय गांधी निराधारचं अनुदान घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथं वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा २१ हजार आहे. पेन्शन लागली की तलाठ्याला लपवू नका, नंतर वसुली निघाली तर त्रास तुम्हालाच.

मामींच्या नंतर आम्ही गटातल्या सगळ्या विधवा बायांना विचारलं. अकरा जणी निघाल्या. त्यातल्या एकीचं काम झालं. एकीचा अर्ज अजून पडून आहे. आणि एकीचे मालक फाउंड्रीत नऊ वर्षं राबले, पण ठेकेदाराकडून. त्यानं कधी कुणाच्या नावानं काही भरलेलंच नव्हतं. नंबर नाही, स्लिप नाही, हजेरीची वहीसुद्धा नाही. तिला आम्ही आशेनं दोन वेळा जिल्ह्याला नेलं आणि दोन्ही वेळा रिकाम्या हातानं आणलं. म्हणून आता ज्यांचे मालक, पोरं कामाला जातात त्या बायांनाही विचारतो, तुमच्या माणसाचा फंड कापतात का, नंबर माहीत आहे का, वारस म्हणून त्यानं कुणाचं नाव लावलंय? लग्नाआधी लागलेल्या पोरांच्या फॉर्मवर अजून आईचं नाव असतं. रागवायचं नाही, बदलून घ्यायला सांगायचं. गटाच्या सभासद-अर्जात आम्ही हा रकाना पेननं आखून घेतलाय.

येत्या २७ तारखेला सकाळी आठच्या एसटीनं आम्ही जिल्ह्याला निघणार आहोत. ज्यांना यायचं त्यांनी माणसाच्या मृत्यूचा दाखला, आपलं आणि मुलांचं आधार, पासबुक, फोटो, मुलांच्या जन्माचे दाखले आणि असतील त्या स्लिपा पिशवीत घालून सात वाजता पाराजवळ यायचं. भाकरी बांधून आणा, तिथं वेळ लागतो. मामी बरोबर असणार आहेत. त्यांचा हयातीचा दाखला करायचाय, आणि रांगेत सगळ्यांत पुढं कसं बसायचं, ते त्यांना आता माहीत झालंय.